मदत हवी आहे: लेकीच्या पहिल्या कम्युनियनचं आईला कसं सांगू?

नमस्कार. लेकीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी, जवळ आलाय. मी वसईची, कॅथलिक घरातली. सोळाव्या वर्षी आईला सांगितलं की माझा देवावर विश्वास नाही. ती रागावली नाही. त्या संध्याकाळी जपमाळेत माझ्या वाट्याच्या दहा ‘नमो मारिया’ प्रार्थना तिनेच म्हटल्या, माझ्याकडे न बघता. ते अजून विसरता येत नाही.

पुढे लग्न चर्चमध्ये न करता 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांची नोटीस देऊन केलं. मग वर्षभर अबोला. लेकीचा बाप्तिस्मा मात्र आईसाठी होऊ दिला.

आता लेक आठ वर्षांची आहे. चर्चच्या नियमाने सातव्या वर्षी मूल समजतं धरतात, म्हणजे कम्युनियन घेण्याइतकं. मला ते फारच लवकर वाटतं. पण तिच्या सगळ्या मैत्रिणी पांढरे फ्रॉक शिवायला टाकतायत आणि ती रोज विचारते, “मम्मी, मलाच का नाही?” आईने तर कापडही आणून ठेवलंय.

माणसं माझीच आहेत, त्यांच्याशी वैर नाही. वसईचे धर्मगुरू-लेखक फादर दिब्रिटो 2020 मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मीही पेढे वाटले होते.

असं कुणी वाढलंय का, वसईत, गोव्यात, कुठेही? लेकीला कम्युनियनच्या तयारीच्या वर्गाला पाठवून तिचं तिला ठरवू द्यावं, की आत्ताच थांबवावं? आणि आईशी सुरुवात कुठून करू? पुढच्या रविवारी नाव द्यायचंय.