सीओटू रिअ‍ॅक्टरमध्ये गॅस वरच अडकायलाय, काय करू?

बोअरवाला_परभणी: 2 फुटी माशांची टाकी, 55 लिटरच्या आसपास. आतल्या झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायचाय. 2 लिटरच्या बाटलीत साखर, यीस्ट, कोमट पाणी. गॅस मस्त येतोय. रिअ‍ॅक्टर (गॅस पाण्यात विरघळवायचं भांडं) म्हणून टाकीत एक बाटली उलटी बसवली, पंपाचं पाणी अन् गॅस दोन्ही खालच्या तोंडातून सोडले. गॅस वर जाऊन साठतो, अर्धी बाटली भरली की भुसकन बाहेर. बजेट 500. सीओटूचा सिलिंडर सांगू नका.

नांदेडी_गप्पी: सिलिंडर घे. मी घेतला, दोन वर्षं झाली, बघायची गरज नाही.

काळी_माती: वाचता येतं का भाऊ? नको म्हणायलाय ना तो.

लातूरकर_ताई: पाणी वरून सोडा, गॅस खालून. बुडबुडा वर चढायला बघतो, पाणी त्याला खाली दाबतं, तो मधेच घुटमळत विरघळतो. तुमच्याकडं दोघं एकाच दिशेनं पळायलेत. धार जास्त झाली तर बुडबुडे न विरघळताच बाहेर, कमी झाली तर परत वर साठतील. बाटली रुंद असेल तर आत पाणी संथ होतं, तेवढा वेळ मिळतो.

जालना_जंक्शन: साखर आंबली की दारूचा वास येतो. आमच्या आईनं बाटली नळीसकट अंगणात फेकली होती. नीट झाकण लावा.

नांदेडी_गप्पी: म्हणून सिलिंडर.

काळी_माती: सलाइनच्या नळीतला थेंबाचा डबा मधे लावा, बुडबुडे मोजता येतात. अन् उलटं येणारं पाणी अडवायचा व्हॉल्व्ह लावलाय का? एकदा रात्री लाईट गेली, खोली गार पडली, टाकीचं पाणी उलटं बाटलीत. सकाळी फरशीवर तळं. व्हॉल्व्ह 20 रुपयांचा.

बीड_ब्लू: पाणी वरून, गॅस खालून, हेच सांगायला आलो होतो. ड्रॉप चेकर पण लावा, पाण्यात गॅस किती ते रंगावरून दाखवतो. त्यात टाकीचं पाणी नाही, 4 केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) लागतं. हिरवा झाला की गॅस 30 पीपीएमच्या (लिटरला 30 मिलिग्रॅम) आसपास. पिवळा झाला तर गॅस जास्त, मासे वर येऊन तोंड उघडतात.

जालना_जंक्शन: रात्री एअर पंप चालू ठेवा. झाडं रात्री गॅस ओढत नाहीत, उलट सोडतात.

बीड_ब्लू: दिवसा मात्र बंद. पाणी खळबळलं की गॅस उडून जातो.

जालना_जंक्शन: माझा चोवीस तास चालू असतो, काही झालं नाही.

बीड_ब्लू: मग सीओटू कशाला लावला?

काळी_माती: अन् मे महिन्यात जपून. उकाड्यात यीस्ट सुसाट सुटतं, गॅस एकदम येतो, आठवड्यात बाटली संपते.

नांदेडी_गप्पी: अनुबियास, जावा फर्न असली झाडं लाव मग. गॅसच लागत नाही.

बोअरवाला_परभणी: सगळ्यांना धन्यवाद. ताईंचं पटलं, पण बाटलीला वर भोक पाडायला गेलो अन् तडकलीच. मग गॅसची नळी पंपाच्याच तोंडात खुपसली. पंखा बुडबुड्यांचं पीठ करायलाय, टाकीभर धुकं. पंप खडखडतोय, पण झोप लागते. व्हॉल्व्ह उद्या आणतो.

नांदेडी_गप्पी: पंप जळाला की सांग. सिलिंडरचा पत्ता देतो.