प्रतिसाद : त्रिकोण कोण मांडणार?

पोटावर पाय येईल म्हणूनच ड्रायव्हर बिनड्रायव्हरच्या ट्रकला नावं ठेवतात, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आमचे आबा पुणे-सोलापूर-हैदराबाद रोडवर तीसेक वर्षं ट्रक चालवत होते. मे २०२५ मध्ये टेक्सासात ऑरोरा कंपनीने डॅलस-ह्यूस्टन मार्गावर ड्रायव्हरविना माल नेला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "वाटेत बंद पडला तर मागं दगड कोण लावणार?" प्रश्न अगदी नेमका आहे. अमेरिकेत बंद ट्रकमागे दहा मिनिटांत इशाऱ्याचे त्रिकोण मांडावे लागतात. गाडीत माणूसच नाही म्हणून या कंपनीला त्या नियमातून सूट मागावी लागली होती.

आता आपल्याकडचं बघा. गळीत हंगामात रात्री मोहोळजवळ उसाच्या जोडट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. बिनड्रायव्हरच्या ट्रकवरच्या लिडारला, म्हणजे लेझरने आजूबाजूचं टिपणाऱ्या यंत्राला, अंधारातली ट्रॉली दिसेलही, मान्य. पण आबा त्याच्या कितीतरी आधी सावध व्हायचे. डांबरावर दोन-चार ऊस सांडलेले दिसले की गिअर खाली. पुढं ट्रॉली आहे, हे त्यांना त्या उसावरून कळायचं. यंत्राला हे शिकवायचं असेल तर आधी अशा माणसांना शेजारी बसवून विचारा. अजून तरी आबांना कुणी विचारलेलं नाही.