आजोबा विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये होते. त्यांच्याबद्दल नेमकं काय लिहू?

कातळावरची:

नमस्कार. पुढच्या महिन्यात आजोबांचं वर्षश्राद्ध आहे. आमचं गाव देवगड तालुक्यात. आजोबा १५ वर्षं नेव्हीत, म्हणजे गावच्या भाषेत ‘बोटीवर’ होते. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नेव्हीच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, झाले आणि १९७१च्या लढाईत विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते.

काकांनी फ्लेक्स करायला दिलाय. आजोबांचा युनिफॉर्ममधला फोटो आणि मागे झेपावणारं लढाऊ विमान. काकांचं प्रेम मला कळतं, पण ते विमान बघून मला कसंतरीच होतं. आजोबांनी त्या लढाईत विमान उडताना पाहिलंच नाही. मी सातवीत असताना त्यांना खोदून खोदून विचारलं होतं, तेव्हा एवढंच म्हणाले, “लढाय झाली ती आमच्या डोक्यार. आमी खाली पाणी बघीत होतो.” जहाजाच्या पोटातून समुद्र कसा दिसेल, हे तेव्हा मला सुचलं नाही. आता सुचतंय आणि विचारायला ते नाहीत.

नेव्ही सोडल्यावर त्यांनी गावात भाताची गिरण चालवली. इंजिनाला लोखंडी सळई लावायची, तिचं दुसरं टोक कानाशी धरायचं आणि सांगायचं, बेअरिंग जातंय. दारात भरलेली विहीर असून आंघोळ अर्ध्या बादलीत. शर्टाची घडी कधी घातली नाही, गुंडाळी करायचे. आणि एक गोष्ट घरात कुणालाच उलगडली नाही. कुकरची शिट्टी झाली की ओटीवरून आवाज यायचा, “एक गेलां!” आई शिट्ट्या मोजायचं काम त्यांच्यावरच सोडायची.

फ्लेक्सऐवजी चार पानं लिहून नातेवाइकांना वाटावीत असं मनात आहे. बॉयलर रूममधला माणूस दिवसभर नेमकं काय करायचा? आणि त्यांच्या नोकरीची नोंद कुठे मिळेल? माझ्याकडे एक पदक आहे, फार काळं पडलंय. पितांबरीने घासू का?

मिडल_वॉच:

ताई, आधी पदकाला पितांबरी लावू नका. त्यावर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं, घासून घासून ते जातं. नुसत्या सुती फडक्याने पुसा. पदकावर ‘पूर्वी स्टार’ हे नाव असेल तर ते १९७१च्या पूर्व आघाडीचं.

मी तुमच्या आजोबांच्या पुष्कळ नंतरचा, पण वाफेच्या जहाजावर बॉयलर रूममध्येच होतो. ते ‘पाणी बघीत होतो’ म्हणाले ते समुद्राबद्दल नाही. बॉयलरला काचेची नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. पाणी उतरलं तर बॉयलरच्या नळ्या जळतात, चढलं तर वाफेबरोबर पाणी जहाज चालवणाऱ्या टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतात. त्यामुळे एका माणसाने त्या काचेवरून नजर हलवायची नाही. चार तासांची वॉच, म्हणजे पाळी, खाली अंग भाजून काढणारी गरमी, आणि वर बॉम्ब पडो की काही होवो, नजर काचेवर. दुसरं काम धुराचं. तेल नीट जळलं नाही की चिमणीतून काळा धूर निघतो आणि शत्रूला जहाज लांबून दिसतं.

विक्रांतची गोष्ट तर आणखी अवघड. तिच्या चार बॉयलरपैकी एकाला भेगा गेल्या होत्या. तीन बॉयलरवर ती लढाईत उतरली. वेग जेमतेम १६ नॉट (ताशी सुमारे ३० किलोमीटर), आणि विमान सोडायला तर समोरून वारा हवा, म्हणजे वेग हवा. ४ डिसेंबरला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, मग चितगावावर. त्यातलं प्रत्येक उड्डाण खालच्या त्या तीन बॉयलरवर उभं होतं. हे तुमच्या चार पानांत आलंच पाहिजे.

कुकरबद्दल वाचून मी थांबलो. विक्रांतवर विमान फेकायला कॅटापल्ट होता, तो वाफेवर चालायचा. वाफ याच बॉयलरची. विमान सुटलं की कॅटापल्टकडे वाफ ओढली जाते आणि खाली दाबाचा काटा उतरतो. वरचं काही न बघता खालच्या माणसाला कळतं, एक गेलं. विमान परत उतरतं ते मात्र डेकवरच्या तारेत हूक अडकवून. त्याला वाफ लागत नाही, त्यामुळे काटा काही सांगत नाही.

नोंदीसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सला लिहा. पदकावरचा नंबर आणि आजींचं नाव घाला, म्हणजे त्यांच्या पेन्शनच्या कागदांशी जुळेल. तुमच्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालयही अर्ज लिहायला मदत करतं.

दीवची_वाट:

आमच्या घरातले एक जण त्याच लढाईत खुकरी या युद्धनौकेवर होते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ टॉर्पेडो लागला. जहाजाबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवला स्मारकात काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती आहे. मी तिथे गेले तेव्हा तिच्यात आमचा माणूस कुठल्या भागात काम करत असेल ते शोधत होते. सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्या आजी आहेत ना? पानं नंतर लिहा, आज त्यांना फोन करा. माझ्या आजीला मी विचारलंच नाही.

कातळावरची:

मिडल_वॉच काका, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं आणि मग आजीला फोन करून वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वरचां काय एक दिसत नाय होतां, काटो हाललो काय समजायचां, असा म्हणायचे खरे.” त्या हिवाळ्यात दीड महिना पत्र नव्हतं. ती रोज पोस्टमनची वाट बघत पाणंदीच्या तोंडाशी उभी राहायची, बाबा तेव्हा पोटात होते.

परत आलेली विमानं त्यांना कशी कळायची, हेही विचारलं. ते तिला माहीत नाही. पण रात्री दाराला कडी घालण्याआधी ते रोज विचारायचे, “सगळे इले?” आम्ही सगळे समोर बसलेले असलो तरी विचारायचे. याचा त्याच्याशी संबंध आहे असं मी लिहिणार नाही, मला ठाऊक नाही. पण दोन्ही गोष्टी लिहीन.

काकांशी बोलले. विमान काढायला तयार झाले. त्या जागी गिरणीतला फोटो येईल, सळई कानाला लावलेला. पदक फडक्याने पुसलं, नंबरचे चार आकडे लागले, पुढचे दोन भिंगातूनही लागत नाहीत. उद्या उन्हात धरून बघते.