दोन टर्म झेडपी गाजवली, आता आमदारकीला उभं राहावं का?

बांधावरून
झेडपीचा दोन टर्मचा सदस्य, आपल्या गटात, म्हणजे झेडपीच्या मतदारसंघात, रस्ते, पाणी, शाळाखोल्या सगळं केलेलं. कार्यकर्त्यांनी 'भावी आमदार'चे फ्लेक्स लावलेत, पण पक्षाचं तिकीट विद्यमान आमदारालाच जाणार हे दिसतंय. अशाने अपक्ष उतरावं का? माझं मत, अजिबात नाही.

2024 ला राज्यात 9 कोटी 70 लाख मतदार आणि लाखभर मतदान केंद्रं होती. विधानसभेच्या 288 जागांनी भागलं की एका मतदारसंघात सरासरी 3 लाख 37 हजार मतदार आणि साडेतीनशेच्या आसपास बूथ येतात. झेडपीच्या गटात 30 हजार मतदार धरा. सत्तर टक्के मतदान झालं आणि त्यातली सत्तर टक्के मतं एकट्याने घेतली, तरी हाती 14,700. मतदारसंघात 2 लाख 20 हजार वैध मतं पडली तर नुसती अनामत वाचवायला त्यांच्या सहाव्या भागाहून जास्त, म्हणजे 36,667 मतं लागतात. घरचा गट अख्खा पाठीशी असूनही अनामत जाते, हे फ्लेक्स लावणारे त्याला सांगत नाहीत.

तिसरी फेरी
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. थांबायचं म्हणता, पण कुठे थांबायचं? गटाचं आरक्षण फिरतं. पुढच्या वेळी गट महिलेसाठी किंवा ओबीसीसाठी सुटला की हाच माणूस पाच वर्षं घरी. 2022 पासून झेडपीवर प्रशासक बसले तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पद नाही, निधी नाही, लोक कामं घेऊन येतात आणि सही करायला हातात काही नाही.

पडणं म्हणजे संपणं नव्हे. पुण्यातल्या कसब्यात रवींद्र धंगेकर 2009 आणि 2014 ला मनसेकडून पडले. 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून तेच जवळपास 11 हजारांनी निवडून आले. आधीच्या दोन लढतींत घराघरांत ओळख झाली नसती तर हे शक्य होतं का?

छाननी टेबल
लढा किंवा लढू नका, पण आधी कागद बघा. झेडपीतले बरेच जण ठेकेदारही असतात. लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे स्वतःच्या नावावर राज्य सरकारचं कंत्राट चालू असेल तर अर्ज बाद होतो. काम पूर्ण करून दिलंय आणि फक्त बिल थकलंय, तर ते कंत्राट चालू धरत नाहीत. पण पूर्णत्वाचा दाखला आधीच काढून ठेवा, छाननीच्या दिवशी कार्यालयात कोणी सापडत नाही.

बाकीचं थोडक्यात. नमुना 26 च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा नको, लागू नसेल तिथेही 'निरंक' लिहा. खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघातले हवेत. ऐनवेळी तिकीट मिळालंच तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत टेबलावर पोचला पाहिजे. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते.

बांधावरून
@तिसरी फेरी, धंगेकर जिंकले ते पक्षाचं चिन्ह घेऊन. शिवाय कसबा दाट वस्तीचा शहरी मतदारसंघ आहे, एका संध्याकाळी चार पेठा पायी होतात. आपल्याकडे एका टोकाच्या वाडीतून दुसऱ्या टोकाला जायला दीड तास लागतो. 2024 ला माघारीची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि 18 ला प्रचार थांबला. अपक्षाला नवं चिन्ह साडेतीनशे बूथवर पोचवायला 14 दिवस मिळाले. खर्चाची मर्यादा 40 लाख, म्हणजे बूथमागे साडेअकरा हजार. त्यातच गाड्या, स्पीकर, पत्रकं, मतदानाच्या दिवशीची टेबलं आणि पोरांचं जेवण.

आणि बंडखोरी केली की 'यांनी पक्ष सोडला, अपात्र ठरवा' असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. हातातलं सदस्यत्वही धोक्यात येतं. आर. आर. पाटील 1979 पासून सांगली झेडपीत होते, विधानसभेत गेले 1990 ला. अकरा वर्षं त्यांनी काढलीच ना?

तिसरी फेरी
बंडखोरीचा धोका मान्य. पण थांबण्यालाही किंमत आहे. महिलांना विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी 2023 ची घटनादुरुस्ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडलेली आहे. आज ज्या गावांत माणसं जोडाल ती उद्या शेजारच्या मतदारसंघात गेली तर?

वरचं सभागृह
विधान परिषद कोणीच काढली नाही. 78 पैकी 22 जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आहेत. मतदार म्हणजे झेडपी सदस्य, पंचायत समितीचे सभापती, नगरसेवक. एका जागेला संख्या काही शेकड्यांत. दोन टर्म सभागृहात बसलेल्याला त्यातले बरेच जण नावानिशी ठाऊक असतात.

बांधावरून
तिथे तर पक्षाच्या पाठिंब्याशिवाय पानही हलत नाही, संख्याबळ आधीच ठरलेलं असतं. माझं म्हणणं पुन्हा बूथवरच येतं. मतदार यादी घ्या, आपल्या गटाबाहेरचे कोणतेही 50 बूथ निवडा आणि पोलिंग एजंट म्हणून दिवसभर बसेल, संध्याकाळी 17सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या नमुन्याची, प्रत घेऊनच उठेल असा तिथलाच एकेक माणूस लिहून काढा. चाळीस नावं न अडखळता निघाली तर मीच म्हणेन, भरा अर्ज.

तिसरी फेरी
चाळीस फार झाले. तीस निघाले तरी उतरावं, उरलेले प्रचारात जोडता येतात.