‘कमीत कमी १२’ म्हणजे नेमकं काय?

मूळ प्रश्न
सातवीच्या मुलांसाठी असमानतांचा स्वाध्याय मराठीत आणते आहे. एक वाक्य होतं, ‘एका संख्येची तिप्पट कमीत कमी १२ आहे.’ दोन मुलांना सोडवायला दिलं, दोघांनीही ३क्ष < १२ मांडलं. विचारलं तर म्हणाले, “दोनदा ‘कमी’ लिहिलंय की.” हवं होतं ३क्ष ≥ १२, म्हणजे क्ष ≥ ४. इथे काय लिहावं? आणि ‘असमानता’ हा शब्द बरोबर आहे ना?

प्रतिसाद
‘किमान’ लिहा, प्रश्न मिटला. ‘असमानता’ मात्र समाजशास्त्राचा वाटतो. समीकरणाच्या जोडीला ‘असमीकरण’ का नको?

प्रतिसाद
समीकरण म्हणजे जे सम नाही ते सम करणं. असमीकरणात कोण काय करतं? हिंदी पाठ्यपुस्तकात ‘असमिका’ आहे, तो घ्यावा. ‘विषमता’ नकोच, मुलं विषम संख्या शोधत बसतील.

प्रतिसाद
नवे शब्द कशाला घडवता? आमची आजी ‘बारा तरी हवेत’ म्हणायची. हा ‘तरी’ म्हणजेच ≥ मधली खालची रेघ! चिन्हांनाही ती उशिराच मिळाली. < आणि > इंग्रज गणिती टॉमस हॅरियटच्या १६३१ च्या पुस्तकात छापली गेली. बरोबरीची रेघ जोडलेली रूपं फ्रेंच गणिती पिएर बूगेरने १७३४ मध्ये वापरली. ‘बाराच्या आत’ म्हणजे <, ‘बारापर्यंत’ म्हणजे ≤. बोलीत सगळं आहे.

प्रतिसाद
बोलीवर एवढा भरवसा नको, ताई. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हीसुद्धा वर्गातली बोलीच. त्यातलं चिन्ह अधिक-उण्याचं. माझे विद्यार्थी क्ष + ३ < ७ मध्ये ३ पलीकडे नेतात आणि < सुद्धा उलटवतात. ते उलटतं फक्त ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की: −२क्ष < ६, म्हणून क्ष > −३. मी आता ‘चिन्ह’ म्हणतच नाही, ‘तोंड फिरतं’ म्हणतो.

प्रतिसाद
‘तोंड’ पाठ्यपुस्तकात शोभणार नाही. ‘दिशा’ म्हणा.

प्रतिसाद
‘बारापर्यंत’मध्ये बारा धरायचे हे कुणी ठरवलं? शाळेत ‘दहाव्या पानापर्यंत वाचून या’ म्हटल्यावर मी नवव्यावर थांबले होते आणि बोलणी खाल्ली होती. अजूनही मला माझंच बरोबर वाटतं.

मूळ प्रश्न विचारणारी
दहावं पान धरायलाच हवं! ‘आजपर्यंत’ म्हणताना आजचा दिवस आपण सोडतो का?

प्रतिसाद
आणि ‘दारापर्यंत सोडायला’ गेलं, तर दार ओलांडतो का?