ट्रिकसीन, देखावा की करामत?

म्हापसा : सिनेमातल्या ‘प्रॅक्टिकल इफेक्ट्स’ना, म्हणजे संगणकाशिवाय सेटवरच घडवलेल्या करामतींना, मराठीत काय म्हणावं? ‘व्यावहारिक परिणाम’ म्हटलं की औषधाच्या बाटलीवरची सूचना वाटते. ‘सीजीआय’चं ‘संगणकनिर्मित’ चालून जातं.

पेडणे : आपल्याकडे शब्द आहे की! दशावताराच्या जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ असं ठळक छापतात. धूर, उजेड, अंधार, सगळं प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. याहून प्रॅक्टिकल ते काय असायचं?

फोंडा : शब्द झकास, पण ट्रिकसीन हे प्रसंगाचं नाव, तंत्राचं नव्हे. कॅमेरा थांबवायचा, नट बाजूला करायचा, पुन्हा सुरू करायचा, की माणूस गायब. ही मूकपटांच्या काळातली युक्ती. यात कॅमेऱ्याची तिवई केसभर सरकली तरी मागची भिंत उडी मारते, आणि बाकीच्या नटांना हात होता तिथेच धरून उभं राहावं लागतं. हे सेटवरचं यंत्र नाही आणि संगणकही नाही. म्हणून घरं दोन नव्हे, तीन हवीत : कॅमेऱ्यासमोरची करामत, कॅमेऱ्यातली आणि चित्रीकरणानंतरची. फाळके तर जादूचे प्रयोगही करत, त्यांच्यापुरता ‘करामत’ शब्द अगदी चपखल.

मडगाव : लहान प्रतिकृतींसाठी ‘देखावा’ घ्या, चवथीला घरोघर करतात तसा. मात्र ‘देखावा करणे’ म्हणजे ढोंग, ही छटा चिकटतेच. प्रतिकृती खोटी वाटते ती बहुतेक वेळा वेगामुळे. १/१६ मापाच्या इमारतीचा तुकडा चौपट लवकर खाली येतो, म्हणून १६चं वर्गमूळ ४ धरून सेकंदाला २४ऐवजी ९६ चौकटी (फ्रेम) टिपतात आणि २४च्या वेगाने दाखवतात. पाणी मात्र दाद देत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, प्रतिकृतीचं माप नव्हे. जहाज वीतभर केलं तर त्यावर पडणारा थेंब नारळाएवढा दिसतो. म्हणून पाण्यातल्या प्रतिकृती जमेल तेवढ्या मोठ्या करतात.

म्हापसा : आणि ‘बिलिव्हेबल’? ‘विश्वसनीय’ लिहू?

फोंडा : नको. विश्वसनीय माणूस असतो, बातमी असते. दृश्य पटतं किंवा पटत नाही. समीक्षेतला शब्द हवा तर ‘प्रत्ययकारी’, पण तो अभिनयालाच शोभतो, डायनासोरला जड होईल. शिव्यांमध्ये मराठी जास्त नेमकी आहे बघा : सेटवरचं फसलं तर ‘पुठ्ठ्याचं’, संगणकावरचं फसलं तर ‘कार्टून’.

पेडणे : ‘तरंगतं’ही म्हणतात. प्राणी चांगला रंगवलेला असतो, पण पाय जमिनीला टेकत नाहीत. टाचेखाली असते ती गडद, बारीक सावली द्यायची राहून गेलेली असते, किंवा पायाखालचं गवत दबलेलं नसतं. त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळीच त्या जागी एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून टिपून ठेवतात. करड्यावरून सावलीचा मऊपणा कळतो, चकचकीतवरून दिवे कुठे होते ते. हे राहून गेलं की नंतर नुसते अंदाज.

मडगाव : उलट बाजूही सांगा. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मधल्या टी-रेक्स डायनासोरच्या यांत्रिक पुतळ्याची फोम-रबराची कातडी पावसाच्या दृश्यात पाणी पिऊन जड झाली आणि यंत्र थरथरायला लागलं. दोन शॉटांच्या मधे टॉवेलनं पुसत बसावं लागलं. पडद्यावर जवळून दिसतो तो बहुधा यंत्राचा, पळताना दिसतो तो संगणकाचा. प्रेक्षकाला सांधा दिसत नाही, म्हणून ‘पटतं’.

म्हापसा : शेवटचं : मागाहून दुसरं दृश्य बसवायला नटामागे लावतात त्या हिरव्या पडद्याचा रंग नटाच्या केसांवर, खांद्यावर उतरतो, त्याला ‘गळती’ म्हणू?

फोंडा : गळती छपराची. इथे ‘झाक’. केसांवर हिरवी झाक आली म्हणजे नट पडद्याला फार चिकटून उभा आहे. दोन-तीन मीटर पुढे घ्या आणि पडद्याचे दिवे वेगळे लावा.