झाड कोण निवडणार?

धाकटी वहिनी: मंडळी, या वर्षी पहिल्यांदाच मुलांना घेऊन ख्रिसमस ट्री आणायला झाडांच्या शेतावर जातोय. हिंडून एक पसंत करायचं आणि तिथेच कापून घ्यायचं. थोरली सहाची, धाकटा तीनचा, आणि दोघांचंही ‘मीच निवडणार’ सुरू झालंय. दर वर्षी जाणाऱ्यांनी सांगा, हे निभवायचं कसं?

मोठी ताई: आधी घरात टेप लाव. जमिनीपासून छतापर्यंत मोज आणि त्यातून स्टँड व वरच्या चांदणीसाठी फूटभर वजा कर. मोकळ्या आभाळाखाली सगळीच झाडं बुटकी वाटतात. रुंदीही मोज, ती हमखास राहते.

दादा: मुलांना विचारायचं कशाला? मोठ्यांनी निवडावं, मुलांनी सजवावं. विषय संपला.

मोठी ताई: मग त्यांना थंडीत तिथवर न्यायचं कशाला रे? आमच्याकडे पद्धत ठरलेली आहे. आम्ही दोघं पुढे जाऊन तीन झाडं हेरतो, घरात मावतील अशी. मुलं त्यातलं एक निवडतात. एका वर्षी मोठ्याची पाळी, पुढच्या वर्षी धाकटीची. ज्याची पाळी नसेल त्याने झाड आडवं होताना जोरात आरोळी ठोकायची. खरं सांगू? आरोळीसाठीच जास्त भांडणं होतात.

मामी: तीन वर्षांच्या पोराला तीन झाडंही जास्त. दोनच दाखव. आणि सकाळी, पोट भरलेलं असताना जा. भुकेलं मूल झाड निवडत नाही, भोकाड पसरतं. कापलेल्या झाडांचे खुंट गवतात लपलेले असतात, तेव्हा पळापळी नको.

भाचा: मामी, मुलांना झाडाची जात ओळखायचा खेळ द्यायचा. झाडाची एक सुई, म्हणजे सुईसारखं पान, चिमटीत धरून फिरवायची. चपटी असेल, फिरत नसेल तर फर. चौकोनी आणि सहज फिरणारी असेल तर स्प्रूस. सुया दोन-तीन किंवा पाचच्या जुडीत असतील तर पाइन. लहान मुलं असलेल्या घरात फर बरं, सुया मऊ असतात. नॉर्डमन फरच्या सुया टिकतातही खूप. ब्लू स्प्रूस दिसतं झकास, पण हात लावला की टोचतं. नॉर्वे स्प्रूस गरम खोलीत लवकर गळायला लागतं.

नाना: सगळं खरं, पण चांगलं उभं झाड पंधरा दिवसांच्या हौसेसाठी कापायचं, हे पटत नाही बुवा.

भाचा: नाना, ही जंगलातली नाहीत. उसासारखं पीकच आहे ते, कापून झालं की त्या जागी नवीन रोपं लावतात. सहा-सात फुटांचं व्हायला साधारण आठ-दहा वर्षं लागतात. सण झाल्यावर भुगा करून बागेत पसरता येतं.

नाना: आठ-दहा वर्षं? म्हणजे झाड आमच्या नातीपेक्षा वयाने मोठं! तिला सांगा, आधी वाकून नमस्कार कर 😄

मोठी ताई: नाना 😂 पण वहिनी, यावरून आठवलं. घरी आल्यावर बुंध्याची इंचभर चकती कापायचीच असते, नाहीतर कापलेल्या जागी राळ साचून झाड पाणी ओढत नाही. ती चकती आम्ही टाकत नाही. मुलं त्यावरची वलयं मोजतात, मागे साल आणि निवडणाऱ्याचं नाव लिहितात, भोक पाडून पुढच्या वर्षी झाडालाच टांगतात. झाड लगेच पाण्यात ठेव. पहिल्या दिवशी तीन-चार लिटरही पिऊन टाकतं, सारखं बघत राहा. हीटरपासून लांब. काचेचे गोळे वरच्या फांद्यांना, खाली कापडी आणि लाकडी.

दादा: आणि पोरांनी वाकडं, विरळ झाड निवडलं तर?

मोठी ताई: वाकडी बाजू भिंतीकडे. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीचे आभार म्हणून नॉर्वे १९४७ पासून दर वर्षी लंडनच्या ट्राफल्गर चौकासाठी झाड पाठवतं. तेसुद्धा २०२१ मध्ये विरळ आहे म्हणून लोकांनी नावं ठेवलीच की. पोराने एकदा बोट ठेवलं की ‘ते नको, हे बघ किती छान’ म्हणायचं नाही. तसं करायचं असेल तर दादाचंच ऐका, विचारूच नका.

धाकटी वहिनी: ठरलं. दोन झाडं आम्ही हेरणार, या वर्षी धाकट्याची पाळी. थोरलीला करवतीचं दुसरं टोक हवंय.

मामी: करवत नको गं! बुंध्याभोवती रिबीन बांधायचं काम दे. आणि हाताला राळ लागली तर साबणाने घासत बसू नका, आधी तेल चोळा.

धाकटी वहिनी: बरं मामी. गाडीच्या टपावर बांधायला दोरी कोणाकडे आहे?

दादा: माझ्याकडे आहे. बुंधा पुढच्या बाजूला ठेवा, नाहीतर वाऱ्याने फांद्या उलट्या होतील. जुनी चादर खाली घाला, टपाला ओरखडे नकोत. किती वाजता निघताय? मी येतो.